नऊ घरांची गोधडी
(एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी)



घट बसायच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवून काढतात. यंदा नदीवर आमची जुनी वाकळ पिळताना ती टर्रकन मधोमध फाटली. इतर वेळी कोणाला काही वाटलं नसतं. पण दिवाळी झाली की आई आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, ऊसतोडीला जाणार होते. धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर जाणार आणि मी आजीजवळ राहणार. आपल्या बीड जिल्ह्यातून दर वर्षी किती कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात ते सर्वांना माहीत आहे. कोपीत पौष महिन्यात कशी थंडी असते, हेही वर्गातल्या पुष्कळ जणांना माहीत आहे. म्हणून ट्रक यायच्या आत नवी गोधडी करायची असं ठरलं.

आजीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. ती म्हणाली, "मी सांगते, तू कर."

सर्वांत सोपी नक्षी म्हणजे नऊ घरांची चौकट. पाटीवर तीन ओळींत तीन-तीन घरे काढा आणि अशी भरा :

गडद – फिकट – गडद
फिकट – गडद – फिकट
गडद – फिकट – गडद

ही झाली पहिली चौकट. तिच्यात गडद तुकडे ५ आणि फिकट ४. दुसरी चौकट उलटी करायची, म्हणजे फिकट ५ आणि गडद ४. दोन्ही प्रकार आलटून-पालटून जोडले की सबंध गोधडीभर रंग एकाआड एक येतात. सगळ्या चौकटी एकाच प्रकारच्या केल्या तर जोडावर गडदला गडद भिडतो आणि नक्षी मोडते.

आम्ही आडव्या ४ आणि उभ्या ६, अशा २४ चौकटी ठरवल्या. प्रत्येकीत ९ तुकडे, म्हणजे एकूण २१६. त्यांत गडद १०८ आणि फिकट १०८. हा हिशेब मी वहीत केला आणि बरोबर आला. एक घर ५ इंचांचं धरलं तर चौकट १५ इंचांची होते आणि गोधडी ६० इंच रुंद, ९० इंच लांब. म्हणजे ५ फूट बाय साडेसात फूट. तिघांना पुरेल अशी.

कापड जुनं सुतीच घ्यावं. आजीची लुगडी, अण्णांचं धोतर आणि माझे आखूड झालेले फ्रॉक आम्ही घेतले. नायलॉन घेऊ नये, ते सुईखाली सरकतं आणि ऊबही देत नाही. रंग जाणारं कापड आधी वेगळं धुवून घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी लाल होते.

आता माझी चूक सांगते. मी पुठ्ठ्याचा ५ इंचांचा साचा केला आणि चार दिवसांत २१६ तुकडे कापून मोकळी झाले. पहिली चौकट शिवून आजीच्या हातात दिली. तिला नीट दिसत नाही, पण तिने वीत लावली आणि म्हणाली, "आगं, शिवणीत कापड जातंय, ते धरलंस का?"

धरलं नव्हतं. प्रत्येक बाजूला अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून ५ इंचांचं घर हवं तर तुकडा ६ इंचांचा कापावा लागतो. माझं घर ४ इंचांचंच झालं. मग चौकट १२ इंचांची आणि गोधडी फक्त ४ फूट बाय ६ फूट! साडेसदतीस चौरस फुटांच्या जागी चोवीस! डोक्यावरून घेतली की अण्णांचे पाय उघडे. कापलेलं कापड काही परत वाढत नाही. मी रडले, हे खरं आहे.

उपाय आजीनेच काढला. तिच्या हिरव्या लुगड्याच्या ७ इंच रुंद पट्ट्या फाडल्या आणि चारी बाजूंनी लावल्या. शिवण जाऊन ६ इंच उरले. आता गोधडी ५ फूट बाय ७ फूट झाली. अर्धा फूटच कमी पडला. काकू तर म्हणाली, काठामुळे रंग उठून दिसतो. मला मात्र तो काठ बघितला की चूकच आठवते.

जोडताना आधी तीन-तीन तुकड्यांच्या पट्ट्या कराव्यात, मग तीन पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. शिवण नखाने दाबून गडद बाजूला वळवावी, म्हणजे फिकट कापडातून दिसत नाही.

मग ओसरी स्वच्छ झाडून खाली अस्तर पसरावं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर सपाट लावावेत आणि वर नक्षी घालावी. आम्ही चार कोपऱ्यांना दगड ठेवले होते. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढाव्यात आणि लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावं. त्यानंतर पक्का धावदोरा घालायचा. तो कडेने सुरू करून चारी बाजूंनी फिरत फिरत मध्ये न्यायचा. दोन ओळींत एका बोटाचं अंतर ठेवावं. टाके दूर पडले तर धुताना आतले थर गोळा होतात. थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि हवेतून उष्णता लवकर बाहेर जात नाही, म्हणून गोधडी ऊबदार असते.

रोज संध्याकाळी आई, काकू आणि मी तीन बाजूंना बसत होतो. दोरा संपला की आजी बरोबर ओळखायची. तरी ट्रक आला तेव्हा मधला हातभर भाग राहिलाच होता. आईने सुई आणि दोऱ्याचं रीळ पिशवीत घातलं. म्हणाली, "खाडा पडंल त्या दिवशी तिथंच घालीन."

ज्यांना गोधडी करायची असेल त्यांच्यासाठी साचा माझ्या दप्तरात आहे. नवा केलाय, सहा इंचांचा. दोनदा मोजलाय.