वैशाखातील सातपुड्याचे ढग व पायथ्याच्या केळीबागा

वैशाख लागला की सातपुड्याचे उतार तापू लागतात. पायथ्याच्या रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत पारा कित्येकदा ४४-४५ अंशांवर जातो. तोरणमाळास (हे ठिकाण १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारात आहे) उंचीमुळे हवा काही अंशांनी सौम्य असते.

तापलेली हवा डोंगरावरून वर चढते. मेअखेरीस तीत समुद्रावरील ओलावा मिसळतो व तिसऱ्या प्रहरी माथ्यावर काळे ढग उभे राहतात. पाऊस आला म्हणून बागायतदार सुखावतो. परंतु अशा ढगातून बहुधा प्रथम थंड हवेचा लोट कोसळतो व पायथ्याशी वादळासारखा पसरतो. मृगबागेचे घड याच सुमारास भरत असतात. भार वर, मुळे उथळ. झाड घडासकट कोलमडते आणि वर्षाची मेहनत घटकेत जाते.

यास्तव घड पडताच खोडास बांबूचा टेकू द्यावा. घड वाळक्या पानांनी झाकावा, म्हणजे उन्हाने साल काळी पडत नाही. पाणी रात्री किंवा पहाटे द्यावे; मात्र ढग दाटल्यावर भरपूर देऊ नये, कारण मऊ जमिनीत मुळांची पकड सुटते.

पश्चिमेकडील झळांस शेवरीचा पट्टा हाच खरा उपाय, पण तो लागवडीबरोबर पेरावा लागतो. यंदा नसल्यास कडब्याचे कूड उभारावे. पऱ्हाट्यांचे करू नये. त्यांच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते, व तिचे पतंग पुढे शेजारच्या कपाशीवर उतरतात.