नाव काढलं, ताटली राहिली

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "ताई, ह्यांच्या बदलीची ऑर्डर आली की पोरीचं नाव काढून घेते, म्हणजे तेवढं एक काम उरकलं." तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून मी नुसतं 'हं' म्हणून फोन ठेवला. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मीही ते काम असंच उरकलं होतं गं.

आम्ही पाथर्डी तालुक्यातून नगरला सावेडीत आलो तेव्हा धाकटा तिसरीत होता. बदली ऐन दिवाळीच्या सुट्टीत झाली. मला वाटलं, बरंच झालं, सुट्टीतच सामान हलवू, रडारड टळेल. शाळा उघडल्यावर हे एकटेच गाडीवर जाऊन आले. अर्ज दिला, दाखला घेतला, दुपारी जेवायला घरी. ताटावर बसता बसता म्हणाले, "काढलं बाबा एकदाचं नाव." धाकट्याचा घास हातातच राहिला. "माझं नाव काढून टाकलं? हजेरीतून?"

आपण म्हणतो, पोरानं नाव काढलं पाहिजे. आणि त्याच तोंडानं म्हणतो, शाळेतून नाव काढलं. बाई रोज सकाळी ज्या नावानं हाक मारायच्या, ते आपल्याला न विचारता कुणीतरी खोडून आलं, एवढंच त्या आठ वर्षांच्या पोराला कळलं.

नव्या शाळेत तो रडला वगैरे नाही. मला वाटलं, रुळला. मग बाईंचा निरोप आला की हा खिचडी खात नाही, नुसता बसून राहतो. घरी विचारलं तर आधी पोट दुखतं, मग भूक नसते, आणि चौथ्या दिवशी रात्री अंथरुणात तोंड भिंतीकडे करून म्हणाला, "माझी ताटली तिकडंच राहिली." जुन्या शाळेत सगळ्यांच्या ताटल्या स्वयंपाकखोलीतल्या फळीवर ओळीनं असायच्या. याची म्हणजे सासूबाईंच्या रुखवतातली, मागे ठिपक्याठिपक्यांनी त्यांचं नाव घातलेली, एका कडेला पोचा आलेली. मी शहाणपणा करून कप्प्यांची नवी कोरी ताटली आणून दिली. त्यानं हातसुद्धा लावला नाही.

शेवटी एका शनिवारी त्याला घेऊन मी पहाटेची एसटी पकडली. करंजी घाट लागला तसा तो ताठ बसला. शाळेत गेलो तर वर्ग निम्मा रिकामा. दिवाळीनंतर आपल्याकडे काय होतं ते तुला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयता घेऊन कारखान्यावर गेली की पोरंही जातात. काही हंगामी वसतिगृहामुळे गावात राहतात, काही आजीजवळ. धाकटा प्रत्येक रिकाम्या जागेकडे बघून विचारत होता, हा कुठंय, ती कुठंय. बाई सांगत होत्या, "कारखान्यावर. येतील पाडव्याच्या आसपास." मग त्यानं विचारलं, "आणि माझं काय सांगितलं तुम्ही?" बाई म्हणाल्या, "नगरला गेला म्हणून सांगितलं. तूच सांग आता नीट." मग पोरगं फळ्यापाशी उभं राहिलं आणि नव्या शाळेत किती जिने आहेत ते सांगू लागलं. जिन्यांचं त्याला एवढं अप्रूप आहे हे मला तिथं कळलं.

ताटली त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोराकडे होती. आजीजवळ राहिलेलं पोर. त्यानं ती नळाखाली घासली, सदऱ्याला पुसली आणि पुढं केली. "तू येशील म्हून म्या जपून ठिवली." धाकट्यानं हातात घेतली, उलटी करून नाव बघितलं आणि परत त्याच्याच हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुला. येतो मी." इतका वेळ माझ्या लक्षात आलं नव्हतं की हे पोर कुणालाच 'येतो' म्हणून निघालं नव्हतं. आपण आपलं सामान भरत होतो.

सोमवारपासून त्या कप्प्यांच्या ताटलीत खिचडी खायला लागला. सासूबाईंना रुखवतातल्या ताटलीचं मी अजून सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस.

आता तुझं ऐक. दाखल्याची इतकी घाई करू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्काच्या कायद्यातच आहे की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंतच्या पोरांना हे लागू आहे. तेव्हा कागद मागून आला तरी चालतो. पोरीचा निरोप मात्र मागून घ्यायला गेलं तर पन्नास किलोमीटर एसटीनं जावं लागतं, मी गेले तसं.

आणि "तिथं तुला छान नव्या मैत्रिणी मिळतील" हे वाक्य गिळून टाक. तिला जुन्याच हव्यात, आणि त्यात गैर काय आहे? कुणाकुणाला भेटायचं ते तिलाच विचार. तू बाईंचं आणि मैत्रिणींचं नाव धरून बसशील, ती कदाचित खिचडी करणाऱ्या मावशींचं नाव घेईल. माझ्या भाचीची नवोदयला निवड झाली, सहावीला टाकळी ढोकेश्वरच्या वसतिगृहात जायचं होतं, तेव्हा तिला गोठ्यातल्या कालवडीचा निरोप घ्यायचा होता. सगळं घर पेढे वाटण्यात दंग, आणि ही गोठ्यात. बहिणीनं हाका मारल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

अजून एक. नव्या वर्गात तुझी पोरगी "आलते", "गेलते" म्हणेल आणि पोरं हसतील. धाकट्याला हसली होती. त्या वेळी मीच घरी त्याचं बोलणं सुधारायला बसले, 'आलो होतो' म्हण, 'गेलो होतो' म्हण. तो महिनाभर वर्गात बोललाच नाही. ते माझं चुकलं. वर्गात कसं बोलायचं ते पोरं ऐकून ऐकून आपसूक शिकतात. घरात तिला आलते-गेलते करू दे, तूही तसंच बोल.

ऑर्डर हातात आली की आधी बाईंना फोन कर. शनिवारी सकाळची शाळा असते, लवकर सुटते, त्याआधी पोच. पोरीला सोबत ने, आणि निघताना स्वयंपाकखोलीतल्या फळीवर एकदा नजर टाक.