पाटी पुसण्यापूर्वीं

संगणकास वीज मिळतांच त्याची कार्यप्रणाली आपोआप जागी होत नाहीं. तिला मेमरींत आणून बसविणारा एक लहानसा प्रोग्राम आधीं चालतो; त्यास बूटलोडर म्हणतात. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्यानें सुरू केलेला व २००२ सालीं 'यू-बूट' हें नांव पावलेला बूटलोडर प्रसिद्धच आहे. कार्यप्रणाली दुसऱ्या संगणकावर ठेविलेली असेल, तर ती मागविण्यास नेटवर्कवर पॅकेट धाडावें लागतें. हें काम ड्रायव्हर नांवाचा भाग करितो.

विद्यार्थिमित्रांनो, अशी कल्पना करा कीं, एक मुलगा पाटीवर मजकूर लिहितो व दुसरा तो उतरून घेतो. लिहिणारा तो प्रोसेसर, उतरून घेणारें तें नेटवर्क कार्ड, आणि पाटी म्हणजे मेमरीतील बफर नांवाची जागा. यू-बूटमध्यें पुढील पॅकेटासाठीं तीच पाटी पुनः वापरतात. उतरून होण्यापूर्वीं ती पुसली, तर जुना व नवा मजकूर मिसळून भलतेंच पॅकेट बाहेर जाईल. म्हणून पाटीची गरज संपल्यावांचून ड्रायव्हरनें परतूं नये, असा नियम आहे.

दुसरी गोष्ट अशी. प्रोसेसर पुष्कळदां आधीं कॅशे नांवाच्या जवळच्या, जलद मेमरींत लिहितो. जणूं ती त्याची कच्ची वही. कित्येक यंत्रांत कार्डास ही वही दिसत नाहीं. तेव्हां वहींतील मजकूर पाटीवर उतरवून मगच कार्डास खूण करावी. हा क्रम उलटला, तर प्रोग्राम निर्दोष दिसूनहि जुनाच मजकूर जाईल.

तथापि वाट तरी किती पाहावी? कार्ड बिघडलें असेल, तर मर्यादेवांचून थांबणारा ड्रायव्हर तेथेंच अडकतो, व संगणक सुरू होत नाहीं. असें यंत्र डोंगरमाथ्यावरील मनोऱ्यांत असेल, तर केवळ तें बंद करून पुनः चालू करण्यासाठीं कोणास तरी गड चढावा लागेल! यासाठीं कालमर्यादा ठरवावी, आणि ती संपतांच चूक कळवून परतावें. पॅकेट हरवल्यास पुढची तजवीज वरच्या थरांत असतेच. टीएफटीपी या पद्धतीच्या १९८१ सालच्या नियमांप्रमाणें ५१२ बाइटांच्या प्रत्येक तुकड्याची पावती द्यावयाची असते, व उत्तर वेळेंत न आल्यास शेवटचें पॅकेट पुनः धाडितात.

सारांश, दुसऱ्याचें काम पुरें होईपर्यंत धीर धरणें, आणि त्या धीरास आधींच सीमा घालणें, या दोहोंवर यंत्राचें सुरू होणें अवलंबून आहे.