कर्जाची जुनी मोटार आणि आधीचे नुकसान

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूर शहराच्या पूर्व भागात अतिवृष्टी झाली. बेळ्ळंदूर, येमलूर, सर्जापूर रस्ता या परिसरात घरांसमोर व तळघरांत उभ्या असलेल्या अनेक मोटारी पाण्यात बुडाल्या. बुडालेली मोटार धुऊन, वाळवून, आतील गालिचा बदलला की चांगली दिसू लागते. पाण्याचा खरा परिणाम होतो तो तारांच्या जोडांवर. तेथे गंज सावकाश चढतो आणि दोष उघड होतो तो कित्येक महिन्यांनी. तोवर मोटारीचा मालक बदललेला असू शकतो.

समजा, अशी मोटार एका गृहस्थाने जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडून बँकेचे कर्ज काढून घेतली आणि दोन महिन्यांनी ती भर रस्त्यात बंद पडली. व्यापारी म्हणतो, बिघाड तुमच्याच हातून झाला. बँक म्हणते, हप्ता ठरल्या तारखेस भरा. गृहस्थाला वाटते की, मोटार परत केली म्हणजे दोघांतूनही आपण मोकळे झालो. हा समज महागात पडतो.

येथे पक्ष तीन असले तरी करार दोन आहेत. विक्रीचा करार व्यापाऱ्याशी आणि कर्जाचा बँकेशी. एक मोडल्याने दुसरा आपोआप मोडत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ अन्वये बँकेच्या हक्काची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. त्यामुळे व्यापारी राजी झाला तरी बँकेच्या लेखी संमतीवाचून मोटार पुन्हा त्याच्या नावावर होत नाही. उलट किल्ल्या बँकेच्या हवाली केल्या, तर बँक मोटार लिलावात विकते व अपुरी पडलेली रक्कम कर्जदाराकडे मागते. (भाड्याने घेणाऱ्यास लेखी सूचना देऊन वस्तू परत करण्याचा हक्क देणारा भाडेखरेदी अधिनियम संसदेने १९७२ मध्ये संमत केला होता, पण तो कधीच अंमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला.)

व्यापाऱ्याविरुद्ध मात्र कायदा खरेदीदारास अगदीच निराधार सोडत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४१ प्रमाणे, आधी न तपासलेली वस्तू तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ती स्वीकारली असे मानले जात नाही. नाकारण्याचा हक्क असेल, तर वस्तू स्वतः नेऊन पोचवण्याचेही बंधन नाही. नकार कळवला की पुरे, असे कलम ४३ सांगते. अडचण आहे ती कलम ४२ मध्ये. वाजवी मुदत उलटेपर्यंत काही न कळवता वस्तू जवळ ठेवली, तर ती स्वीकारली असे धरतात. मग सामान्यतः ती परत करण्याचा हक्क जाऊन केवळ भरपाईचा उरतो. 'आणखी काही दिवस चालवून पाहू' हा सज्जन माणसाचा स्वभाव येथे त्याच्या विरुद्ध जातो.

म्हणून खरा वाद कायद्याचा नसून तारखेचा असतो: नुकसान ताबा मिळण्यापूर्वीचे की नंतरचे? त्याची साक्ष मोटारच देते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला असता चिखलाची रेघ दिसते. आसनाखालच्या रुळांवर गंज असतो. विम्याचे जुने कागदही बोलतात. काही वर्षे चाललेल्या विम्यावर 'नो क्लेम बोनस' शून्य असेल, तर नुकताच दावा झाला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास मोटार पूर्ण नुकसानीत धरली जाते; अशी मोटारही पुढे दुरुस्त होऊन बाजारात येऊ शकते.

यास्तव दोष दिसताच दुरुस्ती करू नये. दुरुस्तीबरोबर पुरावाही जातो. आधी त्रयस्थ तंत्रज्ञाचा लेखी अहवाल घ्यावा, मग व्यापाऱ्यास नकार कळवून त्याची प्रत बँकेस द्यावी आणि हप्ते चालू ठेवावेत. मोटार परत देण्याची वेळ आलीच, तर किलोमीटरचा आकडा, प्रत्येक ओरखडा व खोक यांची यादी करून घेणाऱ्याची सही घ्यावी. अन्यथा आवारात पडलेला ओरखडाही कर्जदाराच्याच माथी येतो.

तडजोड न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि तीही खरेदीदार जेथे राहतो तेथे. मोटार बंगळूरला घेतली व पुढे बदली होऊन तो बेळगावला राहू लागला, तर बेळगावच्या आयोगाकडेही जाता येईल.