आकाशांतील घड्याळें

वेसाव्याच्या नावेस भर समुद्रांत आपलें स्थान कसें कळतें? निदान चार उपग्रहांचे संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळेवरून. भारताच्या ‘नाविक’ मालेंतील पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं उडाला. सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील त्याची कक्षा विषुववृत्ताशीं कललेली असल्यामुळें त्याचा मार्ग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसे. वर्गांत आम्ही विचारतों : संदेश प्रकाशाच्या वेगानें, सेकंदास ३,००,००० किलोमीटर धांवतो, तर सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक किती अंतराची? ३०० मीटरांची! पुढें त्या उपग्रहाचीं तिन्ही रुबिडियम घड्याळें बिघडलीं. तो जागेवर असूनहि स्थान सांगेना. २९ मे २०२३ रोजीं अहमदाबादेस घडविलेलें घड्याळ घेऊन ‘एनव्हीएस-०१’ निघाला. विद्यार्थिमित्रहो, उंची कितीहि असो, वेळ खरी नसेल तर नाव खडकावर जाते.