नाव ठरवावं, मगच ॲप उघडावं

‘विहीर’ कुठे गेला, या प्रश्नाला ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेने दिलेलं उत्तर प्रस्तुत लेखकाने जपून ठेवलं आहे. आधी दिलगिरी, मग ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून तीन नावं. तिन्ही मारधाडपट, हिंदीत डब केलेले! उमेश कुलकर्णींच्या या २००९च्या चित्रपटासाठीच वर्षाची वर्गणी भरली होती आणि थोड्याच दिवसांत तो गायब झाला. हक्कांची मुदत संपली, हे कारण पुन्हा पुन्हा विचारल्यावर मिळालं. ती मुदत कंपनीला आधी ठाऊक नव्हती? पैसे परत मागितल्यावर नियमावलीतलं कलम पुढे आलं.

पण डोळे उघडले ते शोधपेटीने. नाव टाइप केलं की ‘हा चित्रपट आमच्याकडे नाही’ असं सरळ वाक्य येत नाही. पडदा भलत्याच पोस्टरांनी भरतो आणि माणूस खाली खाली सरकत राहतो. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा माल नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणतो. इथे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, एवढीच काळजी.

लोकप्रियतेच्या आकड्यांवरही विसंबू नये. २०२०च्या सुरुवातीला नेटफ्लिक्सच्या हिशेबात दोन मिनिटं पाहिलेला चित्रपटही ‘पाहिला’ ठरत असे. २०२३पासून एकूण पाहिलेले तास भागिले चित्रपटाची लांबी, अशी रीत आली. दोन्हींतून गर्दी कळते, दर्जा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२०मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं, पुढच्या एप्रिलमध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. असा चित्रपट ‘टॉप टेन’च्या पट्टीत दिसेल म्हणून वाट पाहू नये, नाव घालून शोधावा.

नाव बाहेरूनच आणावं लागतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराची यादी काढली तरी ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ हाती लागतात. ‘कासव’वरून सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांकडे गेलं की ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘दहावी फ’. एका दिग्दर्शकाच्या मागे जाणं हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. मित्रांनाही विचारावं.

मराठी नावांची रोमन स्पेलिंगं दहा तऱ्हांची असतात. त्यात अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ महोत्सवांत ‘द फोर्ट’ म्हणून गेला, ‘विहीर’ ‘द वेल’ म्हणून. सगळी रूपं टाकून पाहावीत, शेवटी दिग्दर्शकाचं नाव. कोणता चित्रपट कुठे आहे ते जस्टवॉच हे संकेतस्थळ सांगतं. तरी वर्गणी भरण्याआधी त्या मंचावर जाऊन स्वतः खात्री करावी.

जुन्या चित्रपटाची पहिली दोन मिनिटं नीट बघावीत. ‘संत तुकाराम’सारख्या १९३६च्या चित्रपटाची चौकट चौकोनाच्या जवळ जाणारी. टीव्हीचा पडदा काठोकाठ भरला असेल तर चित्र ताणलंय किंवा वरखाली कापलंय. डोकी छाटलेली प्रत बघण्यापेक्षा दुसरी शोधावी.

एकच चित्रपट हवा असेल आणि तो भाड्याने मिळत असेल तर भाडं भरावं. नाहीतर महिन्याची वर्गणी. वर्षाची सवलत कितीही दाखवोत, भुलू नये. कार्डावरून वर्गणी आपोआप कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश आला की त्याच दिवशी पाहायच्या चित्रपटांची आपली यादी काढावी, तिच्यातलं तिथे काही उरलंय का बघावं आणि नसेल तर वर्गणी तिथल्या तिथे बंद करावी.