आधी ताळेबंद, मग गोठा

हिवरे बाजारच्या एका चुलत्याचे, नोकरी सोडून गावी येऊ पाहणाऱ्या पुतण्याला कानमंत्र

बाळा, चाकणची नोकरी सोडून गावात दूधधंदा टाकायचा म्हणतोस. टाक. पुणं-मुंबई सोडून परत आलेली घरं आपल्या गावात आहेत आणि ती सुखानं नांदतायत. पण ती कधी परत आली ते ध्यानात घे. 1972 च्या दुष्काळानंतर गाव पार मोडलं होतं. एके काळी पैलवानांसाठी नाव असलेल्या या गावात पुढं दारूची 22 दुकानं झाली. सरकारी माणसाची इकडं बदली झाली की लोक ती शिक्षाच समजायचे. 1989 ला एम.कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले आणि तिथून गाडी वळली. 1995 च्या पाहणीत 182 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती, पुढं दीड दशकात ती 3 वर आली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास निघणारं दूध 4,000 लिटरच्या वर गेलं.

येणारा पाहुणा हे आकडे वहीत उतरवून घेतो. त्यामागचा क्रम मात्र फार थोडे उतरवून घेतात. आधी डोंगरावर चर खोदले, मग विहिरींना पाणी आलं, मग गवत आलं आणि त्यानंतर गायी आल्या. तू शेवटची पायरी पहिली धरून येतोयस, म्हणून या चार गोष्टी कानात घालून ठेवतो.

पाऊस मोजल्याशिवाय गायी मोजू नको

आपल्याकडं वर्षाला 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गावाचं क्षेत्र 976 हेक्टर. म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस पडला की शिवारात जवळजवळ 1 कोटी लिटर पाणी येतं. त्यातलं वाहून किती गेलं, उडून किती गेलं, मुरलं किती, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, हे सगळं मांडून पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद ठेवतात. त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. शिल्लक कमी असली तर पाणीपिऊ पीक नाही, मग शेत कुणाचंही असो. ऊस नाही, केळी नाही, आणि शेतीसाठी बोअर तर नाहीच. 2012-13 ला जिल्हाभर टँकर फिरत होते तेव्हा आपण तरलो ते याच हिशेबावर.

आता तुझा ताळेबंद मांड. दुभती गाय पिण्याला आणि धुण्याला मिळून दिवसाचं शंभर लिटर पाणी धर. दहा गायींना 1,000 लिटर होतात, ते निभेल. खरं पाणी जातं चाऱ्याला. गायीला रोज 20 ते 25 किलो हिरवा चारा धरला तर दहा गायींना वर्षाला 80 टनांच्या घरात लागतो. तो कुठल्या वावरात पिकवणार, कुठल्या विहिरीवर? उन्हाळ्यात चारा विकत घेऊन दूध विकणारा माणूस चारेवाल्याची नोकरी करत असतो, फक्त त्याला ते उशिरा कळतं. म्हणून गायींची संख्या बँकेला विचारून ठरवू नको, विहिरीला विचारून ठरव.

फुकटचं दिसतं त्याची राखण आधी कर

डोंगरावरचं गवत आपलंच आहे. पण तिथं जनावर सोडायचं नाही, विळा घेऊन जायचं, ठरलेले पैसे भरायचे आणि भारा डोक्यावर आणायचा. ही चराईबंदी सुरुवातीला लोकांना जाचक वाटली. ज्यांच्याकडं शेळ्या होत्या त्यांचं तर पोटच त्यावर होतं, त्यांची समजूत काढायला वेळ लागला. पण 2000 साली शंभर टन निघणारं गवत 2004 साली 6,000 टनांवर गेलं. तुझ्या धंद्याचं पहिलं भांडवल तिथं उभं आहे आणि ते तू उभं केलेलं नाहीस. म्हणून श्रमदानाची हाक आली की गोठ्यातलं काम सांगू नको. जो डोंगरावर दिसत नाही, त्याचं ग्रामसभेत कुणी ऐकत नाही.

सगळ्या गायी एकदम घेऊ नको

नवा माणूस हमखास इथंच फसतो. कर्ज मंजूर होतं, ट्रक भरून दहा ताज्या व्यालेल्या गायी येतात, दोन महिने दुधाची धार बघून घर खूश. गाय व्याल्यावर दहा महिने दूध देते आणि पुढच्या वेतापूर्वी दोन महिने आटवावी लागते. सगळ्या एकदम व्यालेल्या असल्या तर सगळ्या एकदमच आटतात. दूध बंद, हप्ता चालू, पेंड चालू. त्यापेक्षा आधी तीन घे, चार महिन्यांनी तीन, मग पुन्हा. संकलन केंद्रावर तुझं कॅन वर्षभर गेलं पाहिजे. आणि दुसऱ्या वर्षापासून बाजाराच्या गायी बंद कर, गोठ्यातली कालवड वाढव. तिची आई किती दूध देत होती, कधी माजावर आली, कितव्यांदा गाभ धरला, हे तुला माहीत असतं. बाजारातल्या गायीचं फक्त दलालाला माहीत असतं.

पैसा सिमेंटात गाडू नको

पक्का गोठा, वर निळे पत्रे, खाली रबरी मॅट, दारावर फलक. फोटो छान येतो, पण गाय त्यासाठी एक थेंबही जास्त देत नाही. मुक्त गोठा कर. कुंपण, सावलीपुरतं छप्पर, चोवीस तास पाणी आणि मोकळं फिरायला जागा. वाचलेल्या पैशात दोन गोष्टी घे: कडबा कुट्टी आणि मुरघासाची सोय. मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, हवा राहणार नाही असा दाबून बांधायचा आणि दीड महिना हात लावायचा नाही. ज्याच्याकडं एप्रिल-मेचा मुरघास दिवाळीलाच बांधून तयार असतो, त्याला उन्हाळ्यात कुणाच्या दारात जावं लागत नाही.

दुधाच्या पगाराला तीन वाटे कर

दर दहा दिवसांनी दुधाचा पगार हातात येतो, ही या धंद्याची गोडी आणि हाच धोकाही. कांद्याचा पैसा नेप्तीच्या बाजारातून एकदम येतो, माणूस तो जपून खर्च करतो. दुधाचा पैसा सारखा येत राहतो म्हणून तो सगळा आपलाच वाटतो. तसा तो नसतो. साठ-सत्तर टक्के चारा-पेंडीचेच असतात. म्हणून पगार आला की पहिला वाटा पेंडीचा आणि डॉक्टरचा, दुसरा हप्त्याचा आणि पुढच्या कालवडीचा, उरेल तो घराचा. आणि घरच्यांची मजुरी वहीत लिही. तुझी बायको पहाटे चारला धार काढणार असेल तर ते फुकटचं काम नाही. तिची मजुरी धरून जो नफा दिसतो तोच खरा. तो दिसला नाही तर धंदा चालत नसून घर राबतंय असं समज.

भाव दुसऱ्याच्या हातात, फॅट तुझ्या

गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) धरून दर निघतो. त्याखाली पॉइंट घसरला की पैसे कापले जातात. दर वाढवायला आंदोलन लागतं, पण फॅट टिकवायला चाऱ्यात सुकं-ओलं नीट लागतं, मिठाचं आणि खनिजाचं मिश्रण लागतं, आणि सड स्वच्छ लागतात. धार काढल्यावर गायीला अर्धा तास बसू देऊ नको, समोर चारा टाक म्हणजे उभी राहते. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि दगडी, म्हणजे कासेचा आजार, तिथूनच शिरते. एका सडाची दगडी महिन्याचा नफा खाते.

गिऱ्हाईक थांबून मिळतं

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, म्हणून पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तरी त्यांनी नांगर सोडला नाही. 1910 ला औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर. तुला पुढं तूप विकायचं आहे ना? मग पहिली बरणी नगरला नेऊन कुणाच्या तरी चुलीवर कढव, वास येऊ दे.

चितळ्यांचंही बघ. 1939 ला भिलवडीत दुधाचा धंदा सुरू केला, दुकान-मिठाई-बाकरवडी नंतर. दूध, पनीर, खवा, श्रीखंड असे चार फलक पहिल्याच वर्षी लावणाऱ्याचं एकही धड होत नाही.

भांडवल सभासदांचं असावं

आपल्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करत होते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि सहकारातले वैकुंठभाई मेहता त्यांच्या पाठीशी होते. त्यातून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शिकलेला अर्थतज्ज्ञ आणि कमी शिकलेला शेतकरी एका सतरंजीवर बसले म्हणून ते झालं. तुलाही शीतकरण यंत्र लागेल, एकट्याला परवडणार नाही. शेजारच्या पाच गोठ्यांना घे. पण पैसे घेण्याआधी कागद कर: कुणाचं किती दूध, वीजबिल कसं वाटायचं, एखादा बाहेर पडला तर काय. भावकीत हे बोलायला संकोच वाटतो. नंतर कोर्टात बोलायला कुणाला वाटत नाही.

आणि अडचण आली तरी एक करायचं नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. हा गावाचा नियम आहे आणि तुझ्याच भल्याचा आहे. घसरलेला धंदा पुन्हा उभा राहतो, पण गेलेल्या जमिनीवर तो कुठं उभा करणार?

आता राजीनामा लगेच देऊ नको. रजा काढून पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेला ये, मागं बसून ताळेबंद ऐक. मग आपल्या विहिरीचं पाणी मोज, चाऱ्याचं वावर ठरव आणि किती गायी झेपतात तो आकडा कागदावर लिहून मला दाखव. तो तुझ्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघेल. तेवढ्यापासूनच सुरू कर.